बरोबरीचा गडी

मुंबईत घोडपदेवच्या गल्लीत लगोरी असो की पकडापकडी, एखाद्याला ‘कच्चा लिंबू’ करतातच. कुणाचा धाकटा भाऊ असतो, सुट्टीला आलेली पाहुण्यांची मुलगी असते, नाहीतर पाय अधू असलेला शेजारचा मुलगा. कच्चा लिंबू पळतो, ओरडतो, पण बाद होत नाही. त्याच्यावर राज्य येत नाही. धाकटा भाऊ वर्ष-दोन वर्षांत पक्का गडी होतो. अधू पायाचा मुलगा पंधराव्या वर्षीही कच्चा लिंबूच राहतो. मंडळाच्या क्रीडामहोत्सवात त्याला मंचावर बोलावून उत्तेजनार्थ बक्षीस देतात, टाळ्या होतात. त्या टाळ्यांत माया असते. पण त्याला कुणी कधी हरवलेलं नसतं, त्यामुळे तो कधी जिंकलेलाही नसतो.

यात गल्लीला दोष देऊन भागत नाही. एका गल्लीत त्याच्या जोडीचा दुसरा मुलगा बहुधा नसतोच. बरोबरीचा गडी हवा तर गल्लीबाहेर जावं लागतं; जिल्ह्यात, राज्यात, कधी देशाबाहेरही. जपानचे डॉ. युताका नाकामुरा १९६० मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात गेले. तिथे डॉ. लुडविग गुटमान पाठीच्या मणक्याला इजा झालेल्या रुग्णांना खेळायला लावत होते आणि त्यांच्या स्पर्धा भरवत होते. नाकामुरांनी ते काम मायदेशी नेलं आणि पुढे आपल्या भागातल्या देशांनाही त्यात ओढलं. १९७५ मध्ये ओइता इथे अतिपूर्व आणि दक्षिण पॅसिफिकच्या अपंग खेळाडूंची पहिली स्पर्धा झाली. आजची आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धा तिचाच वारसा चालवते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ही स्पर्धा चीनमधल्या हांगझोऊला झाली. भारताने १११ पदकं मिळवली. त्यातलं शंभरावं पदक नाशिक जिल्ह्यातल्या दिलीप गावितचं होतं: टी४७ गटात ४०० मीटर, ४९.४८ सेकंद, सुवर्ण. हा गट हाताचं अपंगत्व असलेल्या धावपटूंचा. धावताना हात तोल सांभाळतात आणि वेगालाही जोर देतात, म्हणून तो वेगळा ठेवलेला. दिलीपच्या शर्यतीत उतरलेला प्रत्येक जण ही अडचण घेऊनच धावत होता. तिथे कुणी कुणासाठी थांबत नाही.

त्याच स्पर्धेत सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याच्या सचिन खिलारीने १६.०३ मीटर गोळा फेकून सुवर्ण मिळवलं. पुढच्या वर्षी पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये तो १६.३२ मीटरपर्यंत गेला. कॅनडाच्या ग्रेग स्ट्युअर्टचा गोळा १६.३८ वर पडला होता. सुवर्ण सहा सेंटिमीटरने हुकलं. मला त्याच्या रौप्यपदकाइतकेच ते सहा सेंटिमीटर मोलाचे वाटतात. लहानपणी सायकलवरून पडून ज्याचा हात अधू झाला, त्याला आयुष्यात किती जणांनी किती सवलतीने मोजलं असेल! इथे त्याला फक्त टेपने मोजलं. त्या मोजमापात दया नव्हती. पूर्ण आदर होता.

खेळ हार पचवायला शिकवतात, असं आपण नेहमी म्हणतो. पण ज्याला हरण्याचीच संधी मिळत नाही, त्याचं काय, हा विचार आपल्या बोलण्यात येत नाही. तो आता करूया.

घोडपदेवच्या एका मंडळाला अशा खेळाडूंचा गट भरवता येणार नाही, हे खरं. पण काळाचौकी, कॉटनग्रीन, माझगाव, लालबाग इथली मंडळं एकत्र आली तर आठ जण नक्की मिळतील. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून ज्याला जिना उतरवत नाही, त्याला आणायची जबाबदारी कार्यकर्त्यांनी आधीच वाटून घ्यावी. कोणाची शर्यत कोणाबरोबर लावायची, ते जाणत्या क्रीडाशिक्षकाला आणि डॉक्टरांना विचारून ठरवावं. घड्याळ नीट लावावं, फेक टेपने मोजावी, उत्तेजनार्थ बक्षिसं ठेवूच नयेत. आणि निकालाच्या फळ्यावर पहिल्या तिघांच्या खाली चौथ्यापासून आठव्यापर्यंत सगळ्यांची नावं आणि वेळा लिहाव्यात, म्हणजे पुढच्या वर्षी कुणाला गाठायचं ते प्रत्येकाला कळेल.