एफ-सात आणि सहा गठ्ठे

बोस्नियातून व्हिएन्नाला शिकायला आलेल्या इरफान श्किल्यान या तरुणाने १९९६ साली संगणकावर चित्रे बघण्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्याचे नाव इरफानव्ह्यू. चपट्या झालेल्या लाल मांजराचे चिन्ह मिरवणारा हा प्रोग्राम घरगुती वापरासाठी आजही फुकट आहे, आणि फोटोंचे ढीग उपसणाऱ्यांचा तो लाडका आहे. या लाडाचे एक कारण कीबोर्डवरच्या एफ-सात या बटणात दडले आहे. ते दाबले की एक चौकट उघडते आणि तिच्यात आधीच ठरवून ठेवलेले फोल्डर ओळीने दिसतात. हवा तो निवडला की समोरचा फोटो तिकडे रवाना. लग्नातले तीन हजार फोटो निवडायला बसलेल्या फोटोग्राफरला ही सोय किती मोलाची वाटते, ते त्यालाच विचारावे.

ही सोय नसेल तर काय होते? फोटो ‘कट’ करायचा, दुसरी खिडकी उघडायची, ड्राइव्ह शोधायचा, फोल्डरातल्या फोल्डरात उतरायचे, ‘पेस्ट’ करायचे आणि परत फिरायचे. यात जाणारे सेकंद हा फार तर हिशेबाचा भाग. खरे नुकसान डोळ्याचे होते. नवरीचे डोळे मिटलेला फोटो कोणता आणि उघडे असलेला कोणता, हे ताडणारी नजर मधल्या धावपळीत विस्कटते. कुठे ठेवायचे हा प्रश्न प्रत्येक फोटोमागे नव्याने पडू लागला की फोटो कसा आहे हा मूळ प्रश्न मागे सरकतो. फोल्डर आधी ठरवून ठेवणारा माणूस ‘कुठे’चा निकाल एकदाच, निवांतपणी लावून टाकतो आणि कामाच्या वेळी फक्त ‘कसा’ एवढेच पाहतो.

संगणकाच्या जगात ही कल्पना हळूहळू आली. १९८६ साली जॉन सोचा यांचा नॉर्टन कमांडर आला. डॉसच्या जमान्यात संगणक शिकलेल्यांना त्याचा निळा पडदा आणि दोन उभे कप्पे आठवत असतील. डाव्या कप्प्यातली फाईल एफ-सहा दाबून उजव्या कप्प्यात जाई. म्हणजे एका वेळी ठिकाण एकच. विंडोज ९५ मध्ये ‘सेंड टू’ हा मेनू आला आणि त्यात हव्या त्या फोल्डरचे शॉर्टकट टाकून ठेवता येऊ लागले. टोटल कमांडरमध्ये कंट्रोल-डी दाबले की आवडत्या फोल्डरांची यादी समोर येते. २०१० च्या आउटलुकमध्ये ‘क्विक स्टेप्स’ आल्या आणि एका टिचकीत पत्र ठरलेल्या फोल्डरात जाऊ लागले. साधने वेगवेगळी, सोय तीच.

मग ही सोय हाताशी असूनही इतक्या जणांचे संगणक उकिरड्यासारखे का? बहुतेकांचा घोळ यादी करतानाच होतो. यादी विषयवार केली जाते: विजेची बिले, शाळा, बँक, गावाकडची जमीन, आजोबांची औषधे, सहली, पाककृती. विषयांना अंत नसतो, त्यामुळे यादी वाढतच जाते. विल्यम हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९५२ साली प्रयोगांनी दाखवले की पर्याय वाढले की निवडीला लागणारा वेळही वाढतो. दुप्पट पर्यायांना दुप्पट वेळ लागतो असे नाही. वाढ त्याहून सावकाश होते. पण हा दिलासा पर्याय पाठ झालेल्यांसाठी. चाळीस फोल्डरांची यादी कोणी पाठ करत नाही. ती वरपासून खाली वाचावी लागते, आणि एफ-सात दाबून जे वाचवले ते तिथे खर्ची पडते.

या घोळावरचा एक जुना तोडगा महाराष्ट्राच्या सरकारी कचेऱ्यांत सापडतो. त्याला सहा गठ्ठे पद्धत म्हणतात. सरकारी कचेरीचे नाव काढताच लोक हसतात. ती हसण्याजोगी वागते तेव्हा हसावेही, पण ही पद्धत ज्याने आखली त्याला कागदाचा स्वभाव पुरता कळला होता. लिपिकाच्या टेबलावरच्या साऱ्या कागदांचे सहा भाग. पहिल्या गठ्ठ्यात आपण स्वतः कार्यवाही करायची ती प्रकरणे. दुसऱ्यात दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणारी, म्हणजे प्रतीक्षाधीन. तिसऱ्यात ठरावीक मुदतीने पाठवायची नियतकालिके, अर्थात विवरणपत्रे आणि अहवाल. चौथी स्थायी आदेशांची संचिका. पाचव्यात काम संपलेली, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे. सहाव्यात नष्ट करायचे कागद. पुणे महसूल विभागात ‘झिरो पेंडन्सी’ची मोहीम निघाली तेव्हाही भर याच सहा गठ्ठ्यांवर होता.

या सहांत विषय कुठेच नाही. जमिनीच्या वादाचा कागद, पाणीटंचाईचा कागद आणि शिपायाच्या रजेचा अर्ज हे तिघे सुखाने एकाच गठ्ठ्यात बसू शकतात, कारण तिघांबाबत आज करायचे तेच आहे: उत्तराची वाट पाहणे. कागद कशाबद्दल आहे, हे हा गठ्ठा विचारत नाही. त्याचे पुढे काय करायचे, एवढेच विचारतो. विषय शेकडो असतात. ‘पुढे काय’ची उत्तरे मात्र मोजकीच. म्हणून सहा पुरतात. शिवाय कागद एका गठ्ठ्यात कायमचा राहत नाही. उत्तर आले की दुसऱ्यातून पहिल्यात येतो, निकाल लागला की पाचव्यात जातो. गठ्ठा म्हणजे मुक्काम. कायमचा पत्ता अभिलेख कक्षात मिळतो, तोही अ, ब, क, ड असा, किती काळ जपायचे ते पाहून.

टपाल खात्यानेही हेच ओळखले होते. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल व तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतात काव्य व नाटके लिहिणारे कवी. त्यांच्या आखणीतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड सुरू झाला. एकाच नावाची गावे, पाच-सात लिप्यांतले पत्ते आणि गिचमिड अक्षर यांतून पत्रांची वाट काढायची होती. नुसत्या महाराष्ट्रात वडगावे आणि पिंपळगावे किती, याची मोजदाद करायला बसणाऱ्याची धडगत नाही. वेलणकरांच्या सहा आकड्यांत पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्र आणि गोवा चारमध्ये, सैन्याचे टपाल नऊमध्ये. दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गवारीच्या जिल्ह्याचा: मुंबई ४००, गोवा ४०३, पुणे ४११, कोल्हापूर ४१६. शेवटचे तीन वाटप करणाऱ्या टपाल कचेरीचे.

या रचनेतली गंमत अशी की वाटेतल्या कोणालाच पूर्ण पत्ता कळण्याची गरज नसते. दिल्लीत किंवा कोलकात्यात खणांच्या कपाटासमोर उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला करवीर तालुका कुठे आहे हे ठाऊक नसले तरी चालते. सुरुवातीचे आकडे पाहून तो पत्र योग्य खणात टाकतो. त्या खणातली थैली पुढच्या ठिकाणी पोहोचली की तिथला माणूस त्यापुढचे आकडे बघतो. रेल्वे मेल सर्व्हिसच्या डब्यांत धावत्या गाडीत ही वर्गवारी चाले, ती याच बळावर. प्रत्येक टप्प्यावर मोजके खण, आणि प्रत्येक खण फक्त पुढच्या मुक्कामाचा. एकाच माणसापुढे देशभरातल्या साऱ्या कचेऱ्यांचे खण ठेवले असते, तर पत्रे कपाटापाशीच राहिली असती.

फाईल हलवायच्या प्रोग्रामात फोल्डर आधी ठरवताना हाच हिशेब मांडता येतो. लग्नाचे फोटो निवडणाऱ्याने ‘हळद’, ‘सीमांतपूजन’, ‘मुहूर्त’, ‘पंगत’, ‘वरात’ असे फोल्डर लावले तर तो घड्याळाचेच काम पुन्हा करतो. फोटोत तारीख-वेळ आधीच नोंदलेली असते. त्याऐवजी ‘अल्बमला’, ‘दुरुस्तीला’, ‘घरच्यांना विचारायचे’ आणि ‘नको’ हे चार पुरेसे आहेत. घरातल्या स्कॅन केलेल्या कागदांनाही ‘भरायचे’, ‘उत्तर येईल’, ‘जपायचे’ एवढे तीन पहिल्या फेरीला बस्स. विषय नंतर, आणि तोही फक्त ‘जपायचे’ या फोल्डराच्या आत.

संगणकाला ही दोन फेऱ्यांची पद्धत जडही जात नाही. एकाच डिस्कवर फाईल हलवली की ती प्रत्यक्षात कुठेच जात नाही. तिचा मजकूर डिस्कवर होता तिथेच राहतो. बदलते फक्त नोंद, कोणत्या फोल्डराखाली कोणत्या नावाने ती दाखवायची याची. म्हणून दोन तासांचा व्हिडिओसुद्धा क्षणात हलतो. कागदाचा गठ्ठा पुन्हा लावायचा तर कंबर मोडते, इथे दहा वेळा मुक्काम बदलला तरी खर्च नगण्य. डिस्क बदलली की मात्र आधी नक्कल होते आणि मग मूळ फाईल पुसली जाते. वीज गेल्यावर किंवा पेनड्राइव्ह मध्येच उपटल्यावर होणारे घोटाळे याच प्रकारातले.

इतके झाल्यावरही एक आक्षेप उरतो, आणि तो वजनदार आहे. खण आधी ठरवणारा माणूस जगाबद्दलचे आपले मतही त्यात ठरवून टाकतो. मेल्विल ड्यूईच्या १८७६ सालच्या ग्रंथालय वर्गीकरणात धर्माला २०० ते २९९ हे आकडे मिळाले. त्यातला बहुतेक भाग ख्रिस्ती धर्माने व्यापला आणि जगातले बाकी सगळे धर्म २९० च्या दशकात दाटीवाटीने बसले. इंग्रजी साहित्याला ८२० हा ऐसपैस क्रमांक, तर मराठी साहित्य ८९१.४६ वर. ड्यूई पद्धत पाळणाऱ्या महाराष्ट्रातल्या ग्रंथालयात गेल्यास मराठी साहित्याची फळीच्या फळी याच लांबलचक आकड्याने सुरू होते. जे त्या वाचनालयात सर्वांत जास्त आहे, तेच आकड्यांच्या हिशेबात कोपऱ्यात आहे. शियाळी रंगनाथन यांनी १९३३ साली मद्रासहून मांडलेल्या द्विबिंदू वर्गीकरणात पुस्तकाला एका तयार खणात कोंबायचे नव्हते. विषयाच्या निरनिराळ्या पैलूंचे अंक जोडून त्याचा क्रमांक घडवायचा होता. विचार म्हणून ते फार पुढचे होते. कपाटापाशी उभ्या असलेल्या ग्रंथपालाला मात्र सोपे वाटत राहिले ते तयार खणच.

घरगुती यादीतही हा पक्षपात शिरतो. जे खणात बसत नाही ते ‘इतर’मध्ये जाते, आणि वर्षभरात ‘इतर’ सर्वांत जाडजूड होतो. तो फुगला की माणसे स्वतःच्या आळसाला बोल लावतात. खरे तर खण चुकले आहेत असे तो सांगत असतो. यादी बदलण्याची वेळ ओळखायला याहून चांगली खूण नाही.

दुसरा आक्षेप शोधयंत्रवाल्यांचा. हवे ते शोधता येत असताना लावायचे कशाला? एप्रिल २००४ मध्ये आलेल्या जीमेलने फोल्डरच वगळले, लेबले आणि शोध एवढ्यावर भागवले. स्टीव्ह व्हिटेकर आणि सहकाऱ्यांनी २०११ साली ३४५ जणांच्या ८५ हजारांहून अधिक शोधकृती तपासल्या. जुने ईमेल सापडण्याच्या कामी बारीकसारीक फोल्डर करणाऱ्यांच्या श्रमांचे चीज झालेले दिसले नाही. ईमेलपुरते हे मान्य करायला हरकत नाही, कारण पत्रात शोधण्याजोगे शब्द असतात. पण इथला मुद्दा सापडण्याचा नाहीच. शोधयंत्र कागद हुडकून देते, त्याचे अजून काही करायचे राहिले आहे हे सांगत नाही. थॉमस मॅलोन यांनी १९८३ मध्ये कचेरीतल्या लोकांची टेबले अभ्यासली तेव्हा आढळले की समोरचा ढीग सापडण्यासाठी जितका असतो तितकाच आठवण राहावी म्हणूनही असतो. दृष्टीआड केलेले काम डोक्याआडही जाते. तेव्हा ‘उत्तर येईल’ हा फोल्डर लावणाऱ्याने तो उघडण्याचा वारही लावून घ्यावा. नाहीतर एफ-सात हे कामे गाडण्याचे बटण ठरेल.

काही अडचणी निव्वळ यांत्रिक आहेत. ठरवलेले ठिकाण बहुधा पूर्ण मार्गाने नोंदलेले असते, आणि काल ‘ई’ असलेला पेनड्राइव्ह आज ‘एफ’ झाला की ती नोंद पोरकी होते. डिजिटल कॅमेरे फायलींना चार आकडी क्रमांक देतात. ९९९९ नंतर पुन्हा ०००१ येतो, त्यामुळे दोन समारंभांचे एकाच नावाचे फोटो एका फोल्डरात भेटतात. तिथे ‘ओव्हरराइट’ला होकार देणाऱ्याचा जुना फोटो गेलाच. नाव आपोआप बदलण्याची सोय असेल तर ती फोल्डर ठरवतानाच चालू करावी.

राहिला सहावा गठ्ठा. संगणकाच्या डिस्कवरची फाईल डिलीट केली की तीही हलतेच, रीसायकल बिन नावाच्या फोल्डरात. हे एक ठिकाण विंडोजने प्रत्येकासाठी आधीच लावून दिले आहे. पण पेनड्राइव्ह किंवा कॅमेऱ्याच्या कार्डावरून थेट पुसलेला फोटो सहसा तिथे जात नाही, सरळ नाहीसा होतो. कार्ड लावून त्यावरच निवड करायला बसणाऱ्याने म्हणून डिलीटला हात लावू नये. त्याचा ‘नको’ हा फोल्डर संगणकाच्या डिस्कवर असावा, आणि अल्बम छापून घरच्यांच्या हाती पडेपर्यंत तो रिकामा करू नये. नवरीच्या मावशीचा एकुलता एक बरा फोटो नेमका त्यातच निघतो.