उत्तरभागाचा अधिकार

मराठीने आपल्या सर्वांत लोकप्रिय वाङ्मयप्रकाराला ज्या ग्रंथाचे नाव दिले, तो ग्रंथ त्याच्या कर्त्याला पूर्ण करता आला नाही. सातव्या शतकात बाणभट्टाच्या निधनाने ‘कादंबरी’ मध्येच थांबली. उत्तरभाग त्याचा पुत्र भूषणभट्ट याने रचला. जन्मांतरे, शापित चंद्र आणि बोलका पोपट यांच्या त्या अद्भुत सृष्टीत शिरताना त्याने आरंभीच खुलासा केला : कथा अपुरी राहिल्याचे सज्जनांचे दुःख पाहून आपण हे काम हाती घेतले, कवित्वाच्या गर्वाने नव्हे. मृत लेखकाची कल्पित सृष्टी इतरांनी पुढे चालवावी काय, या प्रश्नातील नैतिक पेच या खुलाशात सूचित झाला आहे. दुःख वाचकांचे आहे. संमती ज्याची हवी, तो उरलेला नाही.

एकनाथांच्या चरित्रात या प्रश्नाची परस्परविरोधी वाटणारी दोन उत्तरे आढळतात. शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे तीत कोणी स्वतःची ओवी घालू नये, असे बजावले. उलट १५९९ मध्ये त्यांनी देह ठेवला, तेव्हा ‘भावार्थरामायण’ युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत आले होते; उरलेला भाग त्यांचा शिष्य गावबा याने पूर्ण केला, असे परंपरा सांगते. विरोध वरवरचा आहे. ज्ञानेश्वरी पूर्ण होती आणि तीत घुसलेल्या ओव्या ज्ञानदेवांच्या नावाआड उभ्या होत्या. रामायणातील खंड मृत्यूने पडला होता; आणि गावबाचा हात कोठून लागला, याचा विसर परंपरेने पडू दिला नाही.

रामकथा कोणा एकाची नव्हती, आधुनिक अद्भुतसृष्टी मात्र एकाच प्रतिभेची निर्मिती असते, असा आक्षेप येथे संभवतो. तो खरा आहे. पण त्याने उत्तरभागकाराची जबाबदारी वाढते, एवढेच सिद्ध होते. टॉल्किनच्या मृत्यूनंतर त्याचा पुत्र ख्रिस्तोफर याने ‘सिल्मरिलियन’ १९७७ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केले. पुढे १९८३ ते १९९६ या काळात पित्याचे खर्डे बारा खंडांत वाचकांपुढे ठेवले. आपण काय निवडले आणि काय जोडले, हे तपासण्याचे साधन त्याने वाचकाच्या हाती दिले.

लेखकाचा हेतू ही अर्थाची सीमा नव्हे, हे बार्थचे १९६७ मधील प्रतिपादन येथे पुरेसे पडत नाही. वाचक अर्थ लावतो तेव्हा संहिता जागच्या जागी राहते. उत्तरभागकार मात्र पुढच्या वाचकाची वाटच बदलतो. कायदाही मदतीला येत नाही. १९९२ च्या दुरुस्तीनंतर भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. पण वारसाची परवानगी म्हणजे कृतीचे समर्थन नव्हे.

शिवाय प्रत्येक अपूर्णता मृत्यूने आलेली नसते. जी. ए. कुलकर्णी १९८७ मध्ये गेले. ‘रमलखुणा’मधील (१९७५) ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ यांतील अनाम प्रदेश आणखी कथांना वाव देतील, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तेथील अनुत्तरित प्रश्न हा राहून गेलेला मजकूर नाही, ती कृतीची रचनाच आहे. ती पोकळी भरणे म्हणजे पूर्ती नव्हे, खंडनच होय.

उरतो नावाचा प्रश्न. नरेंद्राचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ नागपूरच्या वि. भि. कोलते यांनी संपादित केले. त्याच्याविषयी ‘स्मृतिस्थळा’त आलेली कथा प्रसिद्ध आहे : रामदेवराव यादवाने मोबदला देऊ करून काव्य आपल्या नावे मागितले आणि कवीने नकार दिला. मृत लेखकाच्या नावाने दुसऱ्याचे वाक्य खपवणे हा याच व्यवहाराचा उलटा प्रकार आहे. फरक एवढाच, की येथे नकार द्यायला कवी हयात नसतो.

म्हणून पुढे लिहिण्याची सरसकट बंदी जशी असमर्थनीय, तशीच सरसकट मुभाही. खंड मृत्यूचा आहे की रचनेचा, हे आधी ठरवावे लागते. आणि सांधा उघडा ठेवावा लागतो. बाण कोठे थांबला, हे ‘कादंबरी’चा अभ्यासक आजही दाखवू शकतो. त्यामुळेच पुत्राचे कृत्य पितृऋणाची फेड ठरते, अपहार ठरत नाही.