शरदातील निसर्गपाठ : कृती आणि पृच्छा

लहान मुलांचे शिक्षण कृतिप्रधान असावे हे तत्त्व आज इतके सर्वमान्य झाले आहे की त्याविषयी कोणी वाद घालीत नाही. आणि ज्या तत्त्वाविषयी वाद होत नाही त्याचा अर्थही कोणी तपासून पाहत नाही. आश्विन लागला की पहिली-दुसरीच्या वर्गांसाठी ऋतुविषयक पाठांच्या ज्या तजविजी होतात, त्यांत बहुधा एकच शिरस्ता आढळतो : मुलांनी पाने गोळा करावीत, ती पुठ्ठ्यावर चिकटवावीत, खाली नावे लिहावीत, आणि भिंतीवर लाल-पिवळ्या गळत्या पानांचा छापील तक्ता टांगलेला असावा. मुलांचे हात डिंकाने माखले म्हणजे पाठ कृतिप्रधान झाला, ही समजूत मला अत्यंत उथळ वाटते.

तक्त्याचा निकाल लवकर लागतो. ज्या प्रदेशांत शरदात पाने रंग बदलून गळतात, तेथे दिवस झपाट्याने आखडतो आणि थंडी चढत जाते. लंडनला वर्षातील सर्वांत मोठा दिवस १६ तासांहून अधिक आणि सर्वांत लहान दिवस ८ तासांहून कमी असतो. मुंबईला हेच मान सुमारे १३ आणि ११ तासांचे आहे. आपल्याकडील पानगळ मुख्यतः पाण्याच्या टंचाईपायी होते, आणि म्हणून साग, पळस, सावर हे वृक्ष जमीन सुकल्यावर, हिवाळ्याच्या उत्तरार्धात निष्पर्ण होतात. आश्विनात सह्याद्रीच्या उतारावरील झाडे हिरवीगार असतात. या ऋतूत आपल्याकडे पिकते ते बी. पावसाच्या चार महिन्यांत सारा जीवनक्रम आटोपणाऱ्या तेरडा, आघाडा, कुर्डू, टाकळा अशा वनस्पती आणि माळावरचे कुसळी गवत आपला वंश पुढे धाडण्याच्या तयारीत असतात. सहा वर्षांच्या मुलाला खिडकीबाहेरच्या सत्याविरुद्ध साक्ष देणारा तक्ता दाखविणे म्हणजे डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस, असेच त्याला शिकविणे होय.

रूसो आणि फ्रबेल यांच्यापासून शांतिनिकेतनातील झाडांखालच्या वर्गांपर्यंत, १९३७ सालच्या वर्धा परिषदेपासून ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आरंभिलेल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह वाढविलेल्या कार्यापर्यंतची परंपरा वाचकांना परिचित आहे. हाताला विद्येच्या दरबारात मानाचे आसन त्या परंपरेने मिळवून दिले. आसनावर बसलेल्या हाताने काय करावे, हा प्रश्न मात्र प्रत्येक पिढीने नव्याने सोडवावयाचा आहे. पुस्तक पुरेसे आहे असे म्हणणाऱ्यांशी वाद घालण्याचे आता कारण उरलेले नाही. मुलांना रानात मोकळे सोडा, ती आपोआप शिकतील, असे म्हणणारे शिक्षकाचे कर्तव्य रानावर सोपवितात. आणि काससारख्या पठारावर सहली नेणाऱ्यांना एवढेच सांगावे की, जेथे फुलाला हात न लावणे हाच धर्म आहे, तेथे हाताने शिकण्याचा पाठ नेऊ नये.

चिकटकामाचा कैवार घेणाऱ्यांचे म्हणणे मात्र इतक्या सहजासहजी बाजूला सारता येत नाही, कारण ते सद्हेतूने आणि अनुभवाच्या आधाराने मांडले जाते. त्यांचे म्हणणे असे की, पाने चिकटविण्यात बोटांना वळण लागते, चाळीस मुलांचा वर्ग ताब्यात राहतो, आणि मुलाच्या हाती घरी नेण्याजोगी एक वस्तू येते. पैकी बोटांना वळण लागते हे निर्विवाद. पण ते रंगीत कागद चिकटवूनही लागते, आणि ज्या कृतीत पानाच्या जागी कागद ठेवला असता काहीच बिघडत नाही, ती कृती निसर्गाचा पाठ कशी ठरेल? वर्ग ताब्यात राहतो हेही खरे. परंतु ती सोय शिक्षकाची आहे, तिला मुलाच्या विद्येचे नाव देऊ नये. राहिली ती वस्तू. शाळेच्या दप्तरात आणि तपासणीच्या वेळी पाठ झाल्याचा दाखला म्हणून तिचा उपयोग होतो, हे मी समजू शकतो. पण दाखला पाठाच्या मागून यावयाचा असतो, आणि येथे दाखल्यासाठी पाठ मुक्रर होतो. त्यांचा शेवटचा आक्षेप असा की, एवढ्या लहान मुलांना प्रश्न विचारताच येत नाहीत. शब्दांत येत नसतील, हाताने येतात.

तेरड्याचेच पाहा. गौरीच्या सणामुळे पुष्कळ मुलांच्या ओळखीचे हे झाड. त्याच्या रंगाची म्हण घरोघर ऐकू येते, पण त्याच्या फळाकडे कोणी पाहत नाही. मऊ लव असलेले ते फुगीर, फिकट हिरवे बोंड पिकले असता बोटांच्या चिमटीत धरताच फुटते, त्याच्या पाकळ्या आत गुंडाळल्या जातात आणि बिया दूर फेकल्या जातात. मूल दचकते, हसते आणि लगेच दुसरे बोंड धरते. ते फुटत नाही. या क्षणी पाठाला आरंभ होतो. कारण कोणते फुटेल आणि कोणते नाही, हे आता मूल बोंडाचा रंग, फुगा आणि स्पर्श यांवरून ठरवू लागते, चुकते, पुन्हा ठरविते, आणि कोणी न सांगता पक्व व अपक्व यांतील भेद हस्तगत करते. तीच गोष्ट कुसळाची. शिक्षकाने अणकुचीदार टोक सांभाळून ते कागदावर ठेवावे, मुलाने त्यावर पाण्याचा थेंब सोडावा. पीळ उलगडू लागतो आणि कुसळाची वाकडी शेपटी सावकाश फिरते. वाळले की पीळ पुन्हा भरतो. दिवसा सुकणाऱ्या आणि रात्री दवाने भिजणाऱ्या जमिनीत बी स्वतःला कसे रुतवून घेते, हे यानंतर सांगितले तर मुलाला समजते; आधी सांगितले तर ते पाठ होते.

अशा पाठाची योजना सैल असते, असे कोणी समजू नये. शिक्षकाने दोन दिवस आधी शाळेच्या कुंपणालगतची जागा स्वतः पाहून यावी, कोणती बोंडे भरली आहेत ते हेरावे, सकाळची वेळ ठरवावी, मुलांचे लहान गट करावेत, आणि आपण काय बोलणार यापेक्षा कोठे गप्प राहणार हे अधिक काटेकोरपणे लिहून काढावे. फक्त पाठाचा शेवट त्याने लिहून ठेवू नये.

हस्तव्यवसायाला शाळेत स्थान नसावे असे माझे म्हणणे नाही. मातीकाम, चित्र, कातरकाम यांची योग्यता मी जाणतो. पण कृती आणि पृच्छा यांत जो भेद आहे तो डोळ्यांआड करून चालणार नाही. कृतीत हात वस्तूवर आपला हुकूम चालवितो, आणि वस्तूने तो मानला की काम संपते. पृच्छेत हात वस्तूला स्पर्श करून थांबतो, आणि वस्तूला नकार देण्याचा अधिकार असतो. चिकटविलेले पान मुलाला कधीच नाही म्हणत नाही. तेरड्याचे कच्चे बोंड म्हणते. ज्या पाठात निसर्गाला नाही म्हणण्याची मुभा आहे, तोच निसर्गाचा पाठ. इतर पाठांना उपयुक्त, सुबक, शिस्तशीर अशी कोणतीही विशेषणे लावावीत, ते नाव मात्र देऊ नये.