बेसूर गाण्याचा आनंद

गाणें बेसूर आहे हें कळूनहि तें पुनः ऐकावेंसें वाटावें, यांत रसिकता आहे कीं निव्वळ दुष्टपणा? अमेरिकेंत न्यू जर्सी संस्थानांत डब्ल्यूएफएमयू नांवाचें एक नभोवाणी-केंद्र जाहिराती न घेतां श्रोत्यांच्या वर्गणीवर चालतें. तेथें अर्विन चूसिद ह्या गृहस्थांनीं असलें संगीत मोठ्या आवडीनें ऐकविलें. जाहिरातदार नसल्यानें अशा केंद्राची जबाबदारी आमच्या मतें उलट वाढते. 'लोकांना हेंच हवें' ही व्यापाऱ्याची सबब त्यास उरत नाहीं.

फ्लॉरेन्स फॉस्टर जेंकिन्स ह्या बाईंचें उदाहरण सोपें आहे. 1944 च्या ऑक्टोबरांत, वयाच्या 76 व्या वर्षीं, त्या आपण होऊन कार्नेगी हॉलमध्यें गावयास उभ्या राहिल्या. 'शॅग्ज' ह्या विगिन भगिनींची गोष्ट निराळी. न्यू हॅम्पशायरमधील फ्रीमाँट गांवच्या ह्या मुलींच्या हातीं बापानें हट्टानें वाद्यें दिलीं व 1969 सालीं त्यांची तबकडी काढविली. ताल एकीकडे, गाणें दुसरीकडे! तरी त्यांत जो भाबडा खरेपणा आहे तो मुद्दाम वाईट गाणाऱ्या विदूषकास साधावयाचा नाहीं, आणि आम्हांस गोडी वाटते ती त्याचीच. पण त्या मुलींची संमति? 1975 सालीं बाप वारला आणि त्यांनीं वाद्यें खालीं ठेविलीं, एवढ्यावरून काय तें समजावें.

म्हणून अशी तबकडी लावणारानें ती पुरती वाजवावी, गाणाराचें नांव नीट सांगावें, आणि तो पलीकडे ऐकत बसला आहे असें धरून बोलावें. मग श्रोता हसला तर हसो.