राक्षसाला किती डोळे?

लेकीकडे निघालेली म्हातारी आणि तिचा भोपळा माहीत नाही, असे मूल मराठी घरात सहसा सापडत नाही. पण त्या भोपळ्याला दार कुठे होते? म्हातारी आत शिरली कशी? तिला बाहेरची वाट दिसत होती का, आणि भोपळा गडगडत निघाला तेव्हा ती आत कशाला धरून बसली होती? गोष्टीत यातले काहीच सांगितलेले नाही आणि ऐकताना आपण विचारतही नाही. भोपळा करायला घेतला की मात्र हे प्रश्न टाळता येत नाहीत.

भोपळा करणे अवघड नाही. फुगा फुगवायचा, वर्तमानपत्राच्या पट्ट्या मैद्याच्या खळीत भिजवून त्यावर आडव्याउभ्या चिकटवायच्या. एक थर वाळला की दुसरा. चार-पाच थर कडक वाळले की आतला फुगा फोडून काढून घ्यायचा. इथपर्यंत सगळ्यांचे सारखेच होते. पुढे कात्री हातात येते आणि गोष्टीला फाटे फुटू लागतात. एखादे मूल देठाकडून झाकण कापते, दुसरे बाजूला दार करते. कुणी मोठी खिडकी ठेवली, की शेजारचा म्हणतो, अरे, वाघाला म्हातारी दिसेल ना! मग खिडकी बुजवून तिथे बारीक भोक पाडले जाते. म्हातारीला वाघ दिसावा, पण वाघाला म्हातारी दिसू नये, ही अट मूळ गोष्टीत नव्हती. ती मुलांनी घातली आणि पूर्णही केली. माझ्या मते अद्भुत गोष्टींवरच्या हस्तकलेचे सगळे मोल इथे आहे. हातात आलेली गोष्ट बदलते. ती बदलू द्यायची असते.

आपल्या बहुतेक वर्गांत मात्र ती बदलू नये याचीच काळजी घेतली जाते. कार्यानुभवाच्या तासाला नमुना आधी दाखवला जातो. परी असेल तर तिचा छापील आकार वाटायचा, रेषेवर कापायचा, पंखांना ठरलेला रंग द्यायचा, चमकी लावायची. तासाच्या शेवटी भिंतीवर चाळीस सारख्या पऱ्या लागतात आणि पालकसभेला आलेले लोक कौतुक करतात. त्या भिंतीचे मला मनापासून वाईट वाटते. चाळीस मुलांनी एकच गोष्ट ऐकली तेव्हा चाळीस वेगळ्या पऱ्या त्या वर्गात हजर होत्या. आपण त्या बाहेर येऊच दिल्या नाहीत.

हात गोष्ट बदलतो, याला मोठ्यांचीही साक्ष आहे. अमेरिकेतले चित्रकार-लेखक मॉरिस सेंडॅक यांचे 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' हे पुस्तक 1963 साली आले. त्यांच्या पहिल्या कल्पनेत रानटी घोडे होते. घोडे काही केल्या नीट काढता येईनात, म्हणून घोड्यांच्या जागी ते केसाळ, सुळेवाले प्राणी आले, आणि त्यांना चेहरे देताना सेंडॅक यांना लहानपणी घरी येणारे नातेवाईक आठवले. घोडा जमला असता तर जगभरच्या मुलांना ते प्राणी भेटलेच नसते. आपल्याकडे अवनींद्रनाथ ठाकूर यांनी 1896 मध्ये बंगालीत 'क्षीरेर पुतुल' ही अद्भुत गोष्ट लिहिली आणि उतारवयात वाळक्या फांद्या, मुळे, लाकडाचे तुकडे गोळा करून त्यांतून प्राणी आणि माणसे उभी केली. या बाहुल्यांना ते कुटुम-काटाम म्हणत. लाकडाला जो बाक असेल त्यातूनच पुढचा प्राणी सुचायचा.

इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहरातल्या बालशाळांनी हे शिक्षणपद्धतीतच आणले. तिथे शाळेत कलेची कार्यशाळा आणि तिच्यासाठी कलेत शिकलेला वेगळा शिक्षक असतो. 1972 मध्ये बालसाहित्यिक जान्नी रोदारी यांनी त्या शहरातल्या शिक्षकांशी गोष्टी रचण्याविषयी सविस्तर चर्चा केल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांतून त्यांचे कल्पनाशक्तीच्या व्याकरणावरचे पुस्तक आले. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेला वेगळी कार्यशाळा कुठून मिळणार, हा प्रश्न रास्त आहे. पण शाळेचा व्हरांडा, चिखल, सुतळी आणि रद्दी एवढ्यावर पुष्कळ काही होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला शंख-शिंपले, बिया, पाने अशा परिसरातल्याच वस्तूंवर बालवाड्या उभ्या केल्या.

चिऊ-काऊची गोष्ट घ्या. चिऊचे घर मेणाचे, काऊचे शेणाचे. पाऊस येतो, काऊचे घर वाहून जाते, तो चिऊच्या दारात येतो आणि ती त्याला ताटकळत ठेवते. पहिली-दुसरीच्या मुलांना ही दोन्ही घरे करायला द्यावीत, एक मेणबत्तीच्या मेणाचे, दुसरे शेण-मातीचे. झारीने पाणी घातले की गोष्ट खरी ठरते. आता नवी घरे करून ती एप्रिलच्या उन्हात ठेवा. मेण मऊ पडते, भिंत कलते, आणि शेणाचे घर मात्र टणक होत जाते. उन्हाळ्यात कोण कुणाचे दार ठोठावणार, हे मुलांना सांगावे लागत नाही. काऊ दार उघडेल का, लगेच उघडेल की आधी चिऊला तिचीच सगळी उत्तरे ऐकवेल, यावर वर्गात खरे भांडण होते. गोष्टीचा हा दुसरा भाग कुठल्याही पुस्तकात नाही. तो उन्हात ठेवलेल्या मेणातून निघतो. विज्ञान, भाषा आणि नीती यांच्या तीन तासिका वेगळ्या कराव्यात, असे यानंतर वाटेनासे होते.

राक्षसाचे काम याहून नाजूक आहे. राक्षसाची गोष्ट ऐकून रात्री घाबरणारे मूल त्याच राक्षसाला पुठ्ठ्यातून कापते, तेव्हा त्याला किती डोळे असावेत हे ते स्वतः ठरवते. त्याचे दात त्याच्या हातात असतात. रत्नाकर मतकरींच्या 'निम्मा शिम्मा राक्षस'सारखी बालनाट्ये पिढ्यान्‌पिढ्या चालली, त्याचे एक कारण मला हेच वाटते, की रंगमंचावरच्या राक्षसाला मुले घाबरतात आणि हसतातही. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात कागदाच्या लगद्याचे देव-असुरांचे मुखवटे नाचवले जातात. पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथीतली चित्रे एकामागून एक पुढे धरून कथा सांगतात. ही माणसे अजून काम करत आहेत. कोकणातल्या आणि पालघरच्या शाळांनी त्यांना वर्गात बोलवावे. शिक्षकांनाही त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

आणि दिवाळीतला किल्ला! मराठी मुलांची सर्वांत मोठी हस्तकला शाळेबाहेर, सुट्टीत, कुणी गुण देत नसताना होते. दगड, विटा, पोती आणि चिखल यांतून डोंगर उभा राहतो. त्यावर अळीव नाहीतर मोहरी पेरायची, चोरवाट कुठे काढायची यावर वाद घालायचा, मावळे कमी पडले तर वाघ-सिंहांना पहाऱ्यावर उभे करायचे. इतिहास आणि अद्भुत यांची सरमिसळ तिथे बिनदिक्कत चालते. हल्ली दुकानात तयार किल्ले मिळतात. पालकांनी ते विकत आणू नयेत.

शिक्षकांची अडचण मला ठाऊक आहे. पटसंख्या मोठी, तास पस्तीस मिनिटांचा, पसारा आवरायला कुणी नाही. म्हणून मागणे थोडेच आहे. दुसरे सत्र सुरू झाले की पंधरा दिवसांतून एकदा जोडतासिका घ्या. विंदांचा 'एटू लोकांचा देश' किंवा दुसरी कुठलीही अद्भुत गोष्ट पुस्तकातली चित्रे न दाखवता वाचा. फळ्यावर नमुना काढू नका, तयार आकार वाटू नका आणि झालेल्या कामाला गुण देऊ नका. प्रत्येक मुलाला एवढेच विचारा, की तू हे असे का केलेस? आणि ते जे सांगेल ते लिहून त्या वस्तूखाली लावा.