दोर कोठे तुटावा

गेल्या नारळी पौर्णिमेनंतर चार दिवसांनी, समुद्राला नारळ पोचून होड्या पुन्हा पाण्यात उतरल्यानंतर, मी रत्नागिरीच्या बाजारातील एका अरुंद, शिसे आणि नव्या जाळ्यांच्या वासाने कोंदलेल्या दुकानात गरवण्यासाठी तंगूस घ्यावयास गेलो असता, दुकानदाराने मागील फळीवरील रिळांकडे हात नेत सहज विचारले, "किती पौंडाचा देऊ, मास्तर?" प्रश्न व्यवहाराचा होता आणि त्याचे उत्तरही व्यवहाराचेच असावयास हवे होते; परंतु आयुष्यभर संस्कृत शिकविलेल्या माणसाला अर्थाशी अडखळण्याची खोड लागते, ती कोठेही सुटत नाही. रिळावरचा आकडा दोराचे सामर्थ्य सांगण्यासाठी छापलेला असतो, असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो दोर कोणत्या भाराला तुटेल, हे सांगत असतो. पंधरा पौंडांचा दोर म्हणजे पंधरा पौंडांपुढे हार मानणारा दोर. बाजारातील यच्चयावत वस्तू आपल्या गुणांची दवंडी पिटत असताना ही एक वस्तू आपल्या पराभवाचा आकडा कपाळावर लिहून फळीवर बसलेली असते. "उद्या येतो," असे म्हणून मी रिकाम्या हाताने परतलो, आणि तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला.

किनाऱ्यावरून गरवणारा मनुष्य खोल समुद्राचा अधिकारी नव्हे. त्याचे राज्य भाट्याच्या खाडीचे मुख, मांडवीचा धक्का आणि मिऱ्याची खडपे एवढ्यापुरतेच. पण या चिमुकल्या राज्यातही दोराची निवड सोपी नसते. वाळूवरच्या मुडदुशीसाठी दोर जितका बारीक तितका बरा. तोच दोर खडपातील तांबोशीपुढे निरुपयोगी, कारण ती गरी लागताच कपारीकडे धाव घेते आणि कालवांच्या धारेवर दोर सुरीने कापल्यासारखा कापला जातो. जिताड्याच्या कल्ल्याची कडाच अशी तीक्ष्ण की त्याच्या तोंडापाशी जाड दोराचा हातभर तुकडा जोडणे भाग पडते. दोराच्या जातीही अनेक. नायलॉनचा एकेरी तंगूस ताणला असता लांबतो, माशाचा हिसका स्वतःच्या अंगावर घेतो. पण पाणी पिऊन काहीसा दुबळा होतो आणि उन्हात पडून राहिला तर कालांतराने कुजका होतो. विणलेली ब्रेडेड दोरी त्याच जाडीत कितीतरी बळकट, पाण्यावर तरंगणारी आणि जवळजवळ न ताणली जाणारी; माशाचा नुसता स्पर्शही ती बोटापर्यंत पोचविते, पण खडकावर घासली की क्षणात हात टेकते. फ्लुरोकार्बन पाण्यात बुडतो, आणि प्रकाश वळविण्याचा त्याचा गुण पाण्याच्या गुणाशी निकटचा असल्याने माशाला तो सहसा दिसत नाही. आणि कोणताही दोर घेतला तरी त्याची पहिली कमजोरी त्याच्या गाठीत असते. म्हणून जाणता मनुष्य गाठ आवळण्यापूर्वी तिला थुंकीने ओली करतो, कारण कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते आणि दोर तेथेच दुबळा होतो.

हे सारे ज्ञान मला होते, आणि तरीही उत्तर देता आले नव्हते. कारण मला अडवणारा प्रश्न बळाचा नव्हता. कोणी म्हणेल, सर्वांत मजबूत दोर घ्यावा, म्हणजे संकट टळले. परंतु खडपात अडकलेली गरी आणि न तुटणारा दोर यांच्यामध्ये सापडलेला मनुष्य मी पाहिलेला आहे; त्याचा तळहात दोराने कापला गेला, आणि शेवटी सुरी काढून दोर स्वतःच कापावा लागला. याउलट दयाळू म्हणविणारे काही लोक अत्यंत बारीक दोर वापरतात आणि त्यात माशाला 'संधी' दिल्याचे समाधान मानतात. हे समाधान मला दांभिक वाटते. बारीक दोरावर मोठा मासा तासभर खेळविला जातो, शक्ती संपेपर्यंत झुंजतो, आणि मग दोर तुटून सुटला तर तोंडात गरी व पाठीशी वावभर तंगूस घेऊन खाडीत निघून जातो. ज्याने त्याला ठार मारले असते, त्याच्यापेक्षा ज्याने त्याला अशी 'संधी' दिली, त्याच्या हातून अधिक हिंसा घडली. जिताडा लहानपणी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, तेव्हा खाडीतील सर्वांत मोठा जिताडा बहुधा अंड्यांची खाणच असते. तिला सोडावयाचेच असेल, तर पुरेशा बळकट दोराने लवकर काठाशी आणून, गरी हलकेच काढून सोडावे, हाच दयेचा मार्ग होय. मऊपणा म्हणजे अहिंसा नव्हे, हे इतर धर्मग्रंथांतून शिकावयास वेळ लागतो. तंगूस ते एका सायंकाळी शिकवितो.

अशीच एक सायंकाळ मला आठवते. भाट्याच्या पुलाजवळ, सुकतीच्या वेळी, राजिवड्याकडील एक वृद्ध मच्छीमार माझ्या शेजारी बसून हातदोर तयार करीत होते. त्यांना सारे चाचा म्हणत, तसे मीही म्हणत असे. त्यांनी गरीला जाडसर तंगूस बांधला. पण तळाशी लटकावयाचे शिसे बांधताना मात्र खिशातून शिवणाचा साधा पांढरा सुती धागा काढला, दातांनी तोडला आणि त्याच्या दोनच पदरांनी ते जड शिसे दोराला अडकविले. इतक्या कसलेल्या माणसाच्या हातून ही चूक झाली असेल असे वाटून मी म्हणालो, "चाचा, शिसे जाईल." ते हसले नाहीत, त्यांनी समजावून सांगितले. "शिसं खडपात अडकणारच, मास्तर. सुताचा धागा तुटला तर तेवढं शिसंच जाईल. तो तुटला नाही, तर सगळा दोर तुटेल, आणि मासा लागलेला असला तर तोंडात गरी नि मागे दोर घेऊन जाईल. तो मासा मग ना तुमचा, ना दर्याचा." एवढे बोलून त्यांनी हातदोर डोक्यावरून गरगर फिरवून पाण्यात सोडला.

मी त्या धाग्याकडे पुष्कळ वेळ पाहात राहिलो. त्या हातदोरात सर्वांत महत्त्वाची वस्तू ती होती, जी सर्वांत दुबळी होती. आणि तिचे दुबळेपण दारिद्र्यातून किंवा हयगयीतून आलेले नसून पूर्ण विचारांती योजलेले होते. दोर तुटणार हे चाचांनी गृहीत धरले होते. त्यांनी फक्त तो कोठे तुटेल, हे आधी ठरविले होते.

पतंजलीच्या योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात, यमांचे विवेचन करताना, 31 व्या सूत्रात असे सांगितले आहे की अहिंसादी व्रते जाती, देश, काल आणि समय (म्हणजे संकेत) यांनी मर्यादित झाली नाहीत, तरच ती महाव्रते होतात. या सूत्रावर भाष्य करणाऱ्या व्यासांनी मर्यादित अहिंसेचे पहिले उदाहरण म्हणून कोणाला निवडावे? राजाला नव्हे, योद्ध्याला नव्हे, मासे मारणाऱ्याला. जो फक्त मासे मारतो, अन्य कोणाला मारीत नाही, त्याची अहिंसा जातीने मर्यादित. तीर्थक्षेत्री मारणार नाही असे जो म्हणतो, त्याची देशाने. चतुर्दशीस किंवा पुण्यदिनी मारणार नाही असे म्हणणाऱ्याची कालाने. मी विद्यार्थ्यांना हा भाग शिकविताना, ही सारी अपुऱ्या व्रतांची उदाहरणे असून साधकाने त्यांच्या पलीकडे जावे, एवढेच सांगून पुढे जात असे. आता मला वाटते, त्या भाष्यकाराने आमच्या किनाऱ्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. पावसाळ्यात होडी शाकारून ठेवणारा आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात न जाणारा आमचा कोळी, खारवी कालाची मर्यादा पाळतो; देवाच्या वाराला ज्याच्या घरी मासा शिजत नाही तोही पाळतो. या मर्यादांमुळे तो योगी होत नाही. परंतु ज्याला कोठे थांबावयाचे हे ठाऊक आहे, तो निदान निर्मर्याद तरी होत नाही. आणि महाव्रताच्या वाटेवरचा पहिला टप्पा निर्मर्यादपणा सोडणे हाच असणार. जैन धर्माने गृहस्थासाठी अणुव्रते आणि मुनीसाठी महाव्रते असा जो भेद केला, त्यातील शहाणपण हेच आहे.

मर्यादा मात्र स्वीकारलेली असावी लागते. लादलेली मर्यादा म्हणजे व्रत नव्हे. 1981 च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यान्वये आज महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते. ती योग्यच आहे, पण बंदीची मुदत केव्हा संपते याकडे ज्याचे डोळे लागले आहेत, त्याला तिचे पुण्य मिळत नाही. भाट्याच्या खाडीकडे पाहणाऱ्या टेकडीवर थिबा राजाचा वाडा उभा आहे. ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला इंग्रज सरकारने 1886 मध्ये रत्नागिरीस आणून नजरकैदेत ठेवले. 1910 मध्ये तो वाडा तयार झाला आणि 1916 मध्ये येथेच त्याचा अंत झाला. तरुणपणी त्याने बौद्ध ग्रंथांचे अध्ययन केले होते. प्राणिहिंसेपासून विरती हे ज्या धर्मातील पहिले शील, त्या धर्माचा तो अनुयायी. त्याला आपल्या मर्जीने कोठेही जाण्याची मुभा नव्हती, आणि म्हणून न जाण्याचे श्रेयही त्याचे नव्हते. गादी नसलेल्या राजाजवळ जे नव्हते, ते खाडीकाठी सुती धागा दातांनी तोडणाऱ्या चाचांजवळ होते: स्वतःची सीमा स्वतः आखण्याचा अधिकार.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. गरीची टोकदार सत्यता तशीच ठेवून दोराच्या बारीकसारीक नीतीचा हा खल म्हणजे शुद्ध वकिली नव्हे काय? ज्याला खरोखर दया येते, त्याने गरीच टाकून द्यावी. या आक्षेपाला माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही. महाभारताच्या वनपर्वात तपस्वी कौशिक धर्माचे रहस्य समजून घेण्यासाठी मिथिलेतील एका मांसविक्रेत्या व्याधाच्या दुकानात जातो, आणि तो धर्मव्याध त्याला दाखवून देतो की नांगराच्या फाळाखालीही असंख्य जीव मरतात व हिंसेपासून सर्वस्वी मुक्त असा देहधारी सापडत नाही. तेथे व्याधाने आपल्या धंद्याचे समर्थन केले, असे मला कधी वाटले नाही. त्याने तपस्व्याचा अहंकार काढून घेतला. जो मासा खातो आणि गरी टाकणाऱ्याला नावे ठेवतो, तो हिंसेतून मुक्त नसतो. त्याने ती केवळ दुसऱ्याच्या हिशेबी मांडलेली असते. मी मासे खातो. ते माझ्याच हिशेबी मांडलेले असावेत, एवढाच माझा आग्रह.

आणि त्या हिशेबात आता एक नवी बाब शिरली आहे. पूर्वी दोर सुताचा किंवा तागाचा असे. झाडाच्या सालीच्या काढ्यात मुरवून त्याचे आयुष्य थोडे वाढवीत, पण समुद्रात सुटलेला दोर काही काळात कुजून पाण्यास मिळे. 1935 मध्ये अमेरिकेत वॉलेस कॅरोथर्स या रसायनशास्त्रज्ञाने नायलॉन निर्माण केले आणि दोराला मरणच उरले नाही. खडपात तुटलेला तंगूस गरवणारा विसरतो. समुद्र विसरत नाही. ज्या वेळासच्या किनाऱ्यावर 2002 पासून कासवांच्या अंड्यांची राखण चालू आहे, त्याच समुद्रातील कासवांच्या पायांना असे सुटलेले दोर फास होतात. माणसाने मर्त्य असावे आणि त्याच्या क्षणिक लोभाचे साधन मात्र अमर असावे, हा विपर्यास कोणत्याही स्मृतिकाराने कल्पिला नव्हता. म्हणून त्याचे प्रायश्चित्त आपणच लिहावे लागेल. ते अवघड नाही: किनाऱ्यावर तुटलेला दोर गोळा करून खिशात घालून घरी आणणे, आणि तो बारीक कापून टाकणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा त्या दुकानात गेलो. "पंधरा पौंडांचा तंगूस द्या," मी म्हणालो. दुकानदाराने तो कागदात गुंडाळला. मग मी शेजारच्या शिवणसामानाच्या दुकानात जाऊन पांढऱ्या सुती धाग्याचे एक रीळ घेतले. वाचकांपैकी कोणी खडपावरून गरवणारा असेल, तर त्याने शिसे अशाच धाग्याने बांधावे.