अंगण वाकडंच आहे

डेकल खराब होतं म्हणे. कंपनी भिकार म्हणे. आणि तुझे हात? ते कुणी तपासायचे?

युंकर्स ५२ चं मॉडेल तू निवडलंस. कुणी गळ्यात मारलं नव्हतं. तीन इंजिनं आणि अंगभर पन्हाळी पत्रा. पातळ ड्युराल्युमिनला ताठपणा यावा म्हणून युंकर्सवाल्यांनी मुद्दाम तसा वळवलेला. सपाट जागा इथे हुडकावी लागणार, हे खोक्यावरचं चित्र बघूनच तुला कळलं होतं. मग डाव्या पंखावरचा क्रॉस काचेवर लावावा तसा का लावलास? उंचवट्यांवर टेकलाय, पन्हाळीत नुसती हवा. तीच चांदीसारखी चमकतेय. दिव्याखाली धर. दिसतंय ना? तेव्हाही दिसलं होतं. "कपाटात ठेवल्यावर कोण बघतंय!" असं म्हणालास. तू बघतोस ना?

मॅट रंगावर थेट डेकल! आधी ग्लॉसचा हात का नाही दिलास? खरखरीत रंगात हवा अडकते, हे नवख्या पोरांना तूच शिकवतोस. डेकल बसवायची द्रावणं, मायक्रो सेट खाली, मायक्रो सोल वर, हेही तोंडपाठ. उजव्या पंखावर सोल लावलंस, डेकलला सुरकुत्या पडल्या, आणि तुझा धीर सुटला. लगेच बोट! कशाला? मऊ पडलेली फिल्म सुरकुततेच. वाळताना आपसूक ताणली जाते, पन्हाळीत उतरते. त्या वेळी काम एकच असतं, हात न लावणं. तेवढंही जमलं नाही. फाडलंस तू, आणि खराब डेकल?

एका हातात ते कधीच बसत नाही. सोल लाव, वाळू दे, पुन्हा लाव. रात्र गेली तर जाऊ दे. "वेळ नव्हता" हे तर मला सांगूच नकोस. एअरब्रशने रंग फवारण्यात रविवारच्या रविवार घातलेस, आणि क्रॉसना एक संध्याकाळ? तीही मोबाइल बघत?

अंगण वाकडं आहे, ही तुझी तक्रार. वाकडंच आहे. म्हणूनच तर हे विमान घेतलंस ना? सपाट पंखाचं विमान कुणीही करतं. तुझा हात कुणाच्याही हातासारखा नाही, म्हणून तर इतका जीव जळतो.

डावा पंख अजून वाचेल. हवेच्या जागी सुईने टोच, भोकांतून सोल आत जाऊ दे, ओला ब्रश पन्हाळीच्या दिशेने फिरव. आडवा नाही! उजव्यावरचं डेकल चिकटपट्टीने उचल, ग्लॉस दे, सुट्या शीटमधला क्रॉस काप. आणि ग्लॉस पुरता वाळेपर्यंत मला फोन करायचा नाही.